बेंबीपाशी पेनाची खूण

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या आयव्हीएफच्या इंजेक्शनांचा तो नववा दिवस होता आणि सोनोग्राफी आटोपून ती नुकतीच बाहेर पडली होती. "ताई, बावीस दिसताहेत!" असे ती म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात निकालाच्या दिवशी घरी धावत येणाऱ्या मुलीचा आनंद होता. अशा वेळी थोरल्या बहिणीने काय बोलायचे असते, हे मला न कळण्याइतकी मी अडाणी नाही. तरीही माझ्या तोंडून निघाले ते असे : "ट्रिगर कोणता देणार आहेत, विचारलंस का?" ट्रिगर म्हणजे बीजे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग "विचारीन. मागून फोन करते," असे म्हणून तिने फोन ठेवला. त्या रात्री तिचा फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि आपण तिच्या आनंदावर पाणी ओतले ही बोच माझ्या मनातून जाईना. प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण तो मी विचारला होता की माझ्या आत सात वर्षे दडून बसलेल्या भीतीने, हे मात्र मला सांगता येत नव्हते.

तो आनंद मला परका नाही. सोनोग्राफीच्या त्या अंधाऱ्या खोलीत मीही उताणी पडून मोजलेले आहे. पडद्यावर फॉलिकलची, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पिशव्यांची, काळी वर्तुळे दिसत, पोळ्यातल्या घरांसारखी एकमेकांना खेटून बसलेली, आणि डॉक्टर प्रत्येकावर रेघ ओढून मिलिमीटर उच्चारत : "उजवीकडे अठरा, सतरा, सतरा, सोळा..." कोपऱ्यातली सिस्टर ते आकडे लिहून घेई. मी मात्र चादरीखाली अंगठ्याने बोटांची पेरे मोजत असे. एका हाताची पेरे संपून दुसऱ्या हाताची सुरू झाली तेव्हा मला हसू आवरेना. मोजमाप घेणारा आवाज पंधराव्या फॉलिकलनंतर सावकाश झाला होता, हे मला आता आठवते. त्या दिवशी लक्षात आले असेल, असे वाटत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईंनी मला विचारले, "तुमची किती?" मी "तेवीस" असे सांगितले आणि "तुमची?" असे विचारले. त्यांनी चार बोटे वर केली. त्यांच्यापुढे मला ओशाळल्यासारखे झाले खरे, पण त्या ओशाळण्याच्या तळाशी श्रीमंताची एक सूक्ष्म ऐट होती, ती लपवण्यात आता काही अर्थ नाही. वर्षानुवर्षे ज्या शरीराने महिन्यातून एक बीज देण्यातही टाळाटाळ केली, त्याने एकदम तेवीस द्यावीत, याची ती ऐट होती.

ठरल्याप्रमाणे रात्री एचसीजी या संप्रेरकाचे ट्रिगर इंजेक्शन झाले, पस्तीस तासांनी स्त्रीबीजे काढली गेली आणि पाचव्या दिवशी एक भ्रूण गर्भाशयात सोडण्यात आला. त्या दिवसांत पोट थोडे फुगल्यासारखे वाटत होते, परंतु ते सगळ्यांनाच वाटते, असे मला सगळेच सांगत होते. आणि ते खोटेही नव्हते. या त्रासाला ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम म्हणतात, म्हणजे औषधांनी बीजांडकोश गरजेपेक्षा जास्त चेतवले जाणे. सौम्य स्वरूपातला हा त्रास दर तीन चक्रांपैकी एकापर्यंत दिसू शकतो आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. ट्रिगरनंतर अकराव्या दिवशी सकाळी मला सलवारीची नाडी बांधता आली नाही. संध्याकाळी पायऱ्या चढताना मध्येच थांबावे लागले. रात्री आडवे झाल्यावर श्वास पुरेना, म्हणून तीन उशा रचून मी बसून राहिले. लघवी दिवसभरात दोनदाच झाली होती, तीही गडद आणि थोडी. सर्वांत विचित्र होती ती तहान : पोट पाण्याने तटतटलेले आणि जीभ टाळूला चिकटलेली. मी तांब्यावर तांबे रिकामे करत होते आणि ते पाणी जिथे जायला हवे तिथे काही केल्या जात नव्हते.

ते कुठे जात होते, हे मला दोन दिवसांनी, दवाखान्यातल्या खाटेवर, एका तरुण निवासी डॉक्टरने समजावले. इंजेक्शनांनी फुगलेल्या बीजांडकोशांवर एचसीजीचा हात पडला की त्यांतून व्हीईजीएफ नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात बाहेर पडते आणि त्याने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती नव्या माठासारख्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी त्या भिंतींतून झिरपून पोटात, कधी फुफ्फुसांभोवती, साचते. वाहिन्यांत मागे उरते ते दाट झालेले रक्त. पोट फुगते ते डोळ्यांना दिसते, पण खरी काळजी त्या दाट रक्ताची असते, कारण त्यात गुठळी धरण्याचा धोका असतो आणि मूत्रपिंडांना पुरेसा पुरवठा होत नाही. म्हणून रोज सकाळी सगळे वाट पाहत ती हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीच्या, आकड्याची. माझा पहिल्या दिवशी ४७ होता. ४५ च्या पुढे गेला की आजार गंभीर गटात धरतात, असे त्याने सांगितले, आणि लगेच, हे सांगायला नको होते असे वाटून, तो खिडकीबाहेर बघू लागला. गुठळी होऊ नये म्हणून पोटावर रोज एक सुई टोचत, पायांत घट्ट मोजे घालत आणि दिवसातून चार वेळा मला कॉरिडॉरमधून चालवत. भेटायला येणारे प्रत्येक जण मला "पडून राहा" असे बजावत असत आणि सिस्टर मला उठवत असे. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉलखेरीज काही मिळत नव्हते, कारण आयब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. बीजांडकोश बारा सेंटिमीटरच्या पुढे गेले होते. कुशीवर वळताना ते आत सरकल्याचा भास होई. त्यांना पीळ पडण्याची भीती असते, म्हणून वळायचे तेसुद्धा हळूहळू.

चौथ्या दिवशी सोनोग्राफीच्या आधाराने पोटात सुई घालून पाणी काढले. नळीतून बाटलीत पडणारा तो द्रव गवती रंगाचा होता, आणि त्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण खोलीत दुसरा कोणताच आवाज नव्हता. पावणेतीन लिटर. तिसरी बाटली लावली तेव्हा मला कित्येक रात्रींनंतर पूर्ण श्वास घेता आला आणि मी लगेच, तिथेच, झोपी गेले. त्याच दुपारी बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या रक्तचाचणीचा, अहवाल आला. गर्भ राहिला होता.

त्या बातमीनेच मला आजारी पाडले होते.

हे वाक्य मी अतिशयोक्ती म्हणून लिहिलेले नाही. ट्रिगरपासून नऊ-दहा दिवसांच्या आत उद्भवणारा त्रास इंजेक्शनातल्या एचसीजीचा असतो आणि त्या एचसीजीसोबत ओसरतो. त्यानंतर सुरू होणारा त्रास बहुधा रुजलेला गर्भ स्वतः तयार करत असलेल्या एचसीजीचा असतो, आणि तो संप्रेरक तर रोज वाढत जाणार असतो, वाढावाच अशी सगळ्यांची इच्छा असते. एकाच कागदावरचा एकच आकडा माझ्या नवऱ्याला आनंदाने रडवत होता आणि डॉक्टरांच्या कपाळावर आठी आणत होता. पोट पुन्हा भरू लागले. मध्यरात्री केव्हातरी, बसल्या बसल्या, माझ्या मनात येऊन गेले की हे थांबले तर बरे. "हे" म्हणजे नेमके काय, ते मी स्वतःलाही विचारले नाही. पुढे सातव्या आठवड्यात ते सगळेच थांबले. गर्भपाताचा आणि माझ्या त्या रात्रीच्या विचाराचा काहीएक संबंध नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितले, आईने सांगितले, मी स्वतःला अनेकदा सांगितले. आणि तरीही ती दोन टोके माझ्या मनात कुणीतरी गाठ मारून ठेवल्यासारखी एकत्रच राहतात.

आमचा तेव्हाचा दवाखाना निष्काळजी होता, असे मी म्हणणार नाही. संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर या धोक्याची एक ओळ होती आणि त्या पानावर माझी सही होती. मी ती ओळ वाचली होती, पण औषधाच्या डब्यावरच्या सूचना वाचतात तशी. माझी तक्रार असलीच तर एवढीच आहे, की सकाळपासून वजन एका किलोने वाढले तर कुणाला फोन करायचा, हे त्या ओळीत नव्हते. शिवाय धोका अमुक टक्के आहे असे सांगणे आणि "तुम्ही बारीक आहात, वयाने लहान आहात, तुम्हाला पीसीओएस आहे, तुमच्या बाबतीत तो जास्त आहे" असे सांगणे यांत मोठे अंतर असते.

ते दुसरे वाक्य मला दोन वर्षांनी, दुसऱ्या डॉक्टरांकडून ऐकायला मिळाले. त्यांनी माझी जुनी फाइल शेवटच्या पानापासून मागे वाचत नेली. एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ८.२, सुरुवातीच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजू मिळून तीसच्या वर लहान फॉलिकल, वजन ५१ किलो, आणि आधीचा प्रसंग. "तुमच्या ओव्हरींना हाक मारायची गरज नाही, कुजबुजलं तरी पुरे," असे त्या म्हणाल्या. मागच्या वेळी रोज २२५ युनिट दिलेले औषध या वेळी ११२.५ वर आले. सोबत बीजे वेळेआधी सुटू न देणारी अँटॅगोनिस्ट पद्धत ठरली. तिचा फायदा मला फार उशिरा उमगला : या पद्धतीत ट्रिगर म्हणून एचसीजी द्यावेच लागत नाही. अ‍ॅगोनिस्टचे एक इंजेक्शन देऊन आपल्याच पिट्युटरी ग्रंथीला एलएच हा बीज पक्व करणारा संप्रेरक सोडायला लावता येते. बाहेरून दिलेले एचसीजी शरीरात आठवडाभर रेंगाळते, तर हा आपला स्वतःचा एलएच दीडएक दिवसात ओसरून जातो. बीजे पक्व व्हायला तेवढा वेळ पुरतो आणि बीजांडकोशांना पेटत राहायला पुरत नाही.

इतकी काटकसर करूनही दहाव्या दिवशी एकोणीस दिसले. डॉक्टरांनी पडदा बंद केला, हातमोजे काढले आणि शांतपणे सांगितले, की ट्रिगर अ‍ॅगोनिस्टचाच द्यायचा, रक्तवाहिन्यांचा पाझर कमी करण्यासाठी रात्री झोपताना आठ दिवस अर्धा मिलिग्रॅम कॅबरगोलिन घ्यायचे आणि या महिन्यात भ्रूण सोडायचा नाही. सगळे गोठवून ठेवायचे. अ‍ॅगोनिस्टच्या ट्रिगरनंतर गर्भाशयाला मिळणारा आधार लवकर संपतो, म्हणून ताजा भ्रूण रुजण्याची शक्यता तशीही घटते, आणि रुजलाच तर पुन्हा तेच एचसीजी. हा सगळा तर्क मला समजत होता. मीच तर त्याचा पुरावा होते. आणि तरीही मी त्यांच्या समोर, कमरेभोवती चादर गुंडाळलेल्या अवस्थेत, लहान मुलीसारखी रडले. "याही महिन्यात नाही?" असे मी पुन्हा पुन्हा विचारत होते. ज्या संकटाने मला अंथरुणाला खिळवले होते त्यापासून कुणी वाचवत असताना मला मात्र लुबाडल्यासारखे वाटत होते. डॉक्टर म्हणाल्या, "भ्रूणांना घाई नसते हो." मला त्यांचा राग आला. घाई मला होती.

नंतरचे दिवस वहीचे होते. शंभर पानी वहीत मी चार रकाने आखले : वजन, पोटाचा घेर, प्यायलेले पाणी, झालेली लघवी. न्हाणीघरात मापाचे एक प्लास्टिकचे भांडे आले. तहानेइतकेच प्यायचे, उगाच लिटरभर पाणी घशाखाली लोटायचे नाही, असे या वेळी बजावले होते. शिवणाची टेप बेंबीवरून घ्यायची असे सिस्टरने सांगितले होते, पण रोज ती वर-खाली सरके आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने माझा जीव टांगणीला लागे. म्हणून तिसऱ्या दिवशी मी बेंबीच्या दोन्ही बाजूंना पेनाने दोन ठिपके काढले. अंघोळीत ते पुसट होत, मी ते पुन्हा गिरवत असे. टेपचे पत्र्याचे टोक सकाळी गार लागे आणि पोट आपसूक आत जाई. मग श्वास सोडून, पोट सैल ठेवून, पुन्हा माप. ७२. ७२.५. ७३. ७२.५. कॅबरगोलिनने सकाळी उठल्यावर डोके गरगरे, मळमळे. यापलीकडे सांगण्यासारखे काही घडले नाही. वजन ५१.२ वरून ५१.८ झाले आणि खाली आले. बीजे काढल्यापासून सातव्या दिवशी मला पाळी आली.

ज्या बाईने मूल होण्यासाठी इतकी वर्षे खटाटोप केला, तिला पाळी म्हणजे काय असते, ते निराळे सांगायला नको. दर महिन्याला न्हाणीघराचे दार लावून मी त्या डागाकडे बघत उभी राहिलेली आहे. त्या सकाळीही तशीच उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आले की मी सुटकेचा निःश्वास टाकत आहे. आता बीजांडकोश आवळू लागतील, आता काही होणार नाही. बाहेर येऊन मी नवऱ्याला "आली" एवढेच सांगितले. सवयीने त्याचा चेहरा पडला, आणि मग आठवण होऊन उजळला. त्याच रात्री तो थोडा चाचरत म्हणाला, "आपल्याला उगाच तर घाबरवलं नव्हतं ना? म्हणजे, काहीच झालं नाही." मी त्याच्यावर चिडले, पण तो विचार मलाही शिवून गेला होता. जे टळले ते दाखवता येत नाही. माझ्याकडे दाखवायला होती ती जवळजवळ एकाच आकड्याने भरलेली पाने.

पुढे मी यावर बरेच वाचले, बहुधा त्या रडण्याची भरपाई म्हणून. २०१६ मध्ये चीनमधल्या सुमारे दीड हजार पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत ताजे भ्रूण सोडलेल्यांपैकी ७.१ टक्के स्त्रियांना हा त्रास झाला, तर आधी गोठवून नंतर सोडलेल्या गटात १.३ टक्क्यांना, आणि मुले जन्मण्याचे प्रमाणही गोठवलेल्या गटातच अधिक होते, ४९.३ विरुद्ध ४२ टक्के. मात्र त्याच गटात गरोदरपणी रक्तदाब वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सियाही जास्त आढळला, आणि दोन वर्षांनी नियमित पाळी असलेल्या स्त्रियांवरच्या चाचण्यांत जन्माच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांनी थांबावे असे त्यातून निघत नाही. ज्यांच्या पडद्यावर पोळे दिसते त्यांनी थांबावे, एवढे निघते.

याच वाचनात मला एक गंमत सापडली. १९७८ च्या जुलैत जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळासाठी बीजांडकोशांना उत्तेजित करणारे कोणतेही औषध दिलेले नव्हते. नैसर्गिक चक्रातले एकच बीज घेतले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या मुलीच्या वेळी मात्र इंजेक्शने दिली होती, आणि त्यांनी भ्रूण आधी गोठवून ठेवून नंतरच्या चक्रात सोडला होता. त्यांच्यावर तेव्हा विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. मी ज्या थांबण्याला लुबाडणूक म्हणून रडले, ते कुणीतरी इतक्या वर्षांपूर्वी, इतक्या एकाकीपणे करून पाहिले होते, हे वाचून मला माझ्या त्या रडण्याची थोडी लाज वाटली. थोडीच. कारण का थांबायचे ते कळले म्हणून वाट पाहणे हलके होत नाही.

गोठवलेल्या त्या भ्रूणांचे पुढे काय झाले, हे वाचणाऱ्याला विचारावेसे वाटेल. ते मी इथे सांगणार नाही. ते सांगितले की टेप, ठिपके आणि वही यांची किंमत त्या उत्तरावर ठरू लागते, आणि ती तशी ठरू नये असे मला वाटते.

बहिणीच्या फोनकडे परत येते. तिला बावीसचा आनंद एक रात्र तरी मनासारखा घेऊ द्यायला हवा होता, असे एकदा वाटे. आणि ट्रिगर बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री ठरणार, मग विचारायचे केव्हा, असे लगेच वाटे. माझ्या वेळी कुणी मला असे विचारले असते तर मी त्या माणसाशी महिनाभर बोलले नसते, हेही खरे आहे. पाचव्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला. त्यात माझ्या प्रश्नाचा उल्लेख नव्हता. लिहिले होते : "ट्रिगर बदलला. सगळे फ्रीझ. ट्रान्सफर नंतर. टेप बेंबीवरून घ्यायची की जरा खालून?"

मी लिहिले, "बरोबर बेंबीवरून. दोन्ही बाजूंना पेनाने ठिपके काढ, रोज तिथूनच घे. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर. श्वास सोडून." मग रागावलीस का, असे टाइप केले आणि पुसले.

थोड्या वेळाने तिचे उत्तर आले : "७०." दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास : "७१." तिसऱ्या दिवशी : "७१.५, जरा जड वाटतंय." मी तिला वजन विचारले, लघवी विचारली, दवाखान्याचा रात्रीचा नंबर जवळ आहे ना ते विचारले, आणि दिवसभर फोन हातातून खाली ठेवला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता काही आले नाही. आठलाही नाही. मी दोनदा तिचा नंबर काढला आणि दोनदा फोन उपडा ठेवला. साडेनऊला फोन थरथरला.

"झोप लागली होती गं ताई. ७०."